लाळेरे उतरवा, ताटली हातात द्या

बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतील विहारात वंदनेनंतर खीरदान होते. लहान मुलांची पंगत आधी बसवतात. यंदा त्या पंगतीत साडेचार वर्षांचा एक मुलगा होता. अंगात पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात प्लॅस्टिकचे लाळेरे आणि शेजारी बसून चमच्याने खीर भरवणारी आई. समोर त्याच्याच वयाची मुले आपल्या हाताने खात होती. त्यातली एक मुलगी म्हणाली, "ह्याला अजून लाळेरं लागतंय. हा बाळ आहे." सगळी मुले हसली. त्या मुलाने मान खाली घातली आणि तोंड मिटून घेतले. मग आईने कितीही विनवले तरी त्याने घास घेतला नाही.

ताटे उचलताना त्या आईने आम्हाला विचारले, "ताई, लाळेरं किती वर्षांपर्यंत बांधावं? पांढऱ्या शर्टावर डाग पडला की निघत नाही, म्हणून बांधते मी." तिथल्या तिथे चार उत्तरे मिळाली. एक म्हणाली, दात आले की काढावे. दुसरी म्हणाली, शाळेत जाईपर्यंत राहू द्यावे. एक आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठं होतं लाळेरं? पदरानं तोंड पुसायचं, झालं."

प्रश्न वरून लहान दिसतो, पण बीड जिल्ह्यातल्या आपल्या घरांसाठी तो लहान नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर त्याचेच उत्तर देत आहोत. आमचे मत आधीच सांगतो. लाळेरे दोन वर्षांनंतर हळूहळू कमी करावे आणि तीन वर्षांपर्यंत पूर्ण उतरवावे. मात्र त्याच्याही आधी, वर्षाच्या आसपासच, लेकराला स्वतःची ताटली द्यावी आणि त्याला आपल्या हाताने खाऊ द्यावे. हे दुसरे काम केले नाही तर पहिले कधीच होत नाही.

लाळेरे बांधण्याची कारणे दोन. एक लाळ, दुसरे अन्न.

लाळेचे आधी पाहू. तीन-चार महिन्यांच्या बाळाची लाळ गळायला लागते, कारण लाळ तयार होते पण ती वेळेवर गिळायची सवय अजून लागलेली नसते. दात येताना ती जास्त गळते. दीड वर्षाच्या आसपास बहुतेक मुलांची लाळ कमी होते आणि दोन वर्षांपर्यंत थांबते. म्हणजे लाळेसाठी लाळेऱ्याची गरज साधारण दोन वर्षेच असते. त्या काळातही ओले लाळेरे तासन् तास गळ्यात ठेवू नये. हनुवटीखाली आणि मानेच्या घडीत कातडी लाल होते, पुरळ येते, कधी चिघळते. सुती कापडाची चार-पाच लाळेरी करून ठेवावीत. ओले झाले की बदलावे आणि मान कोरड्या फडक्याने टिपून घ्यावी. प्लॅस्टिकच्या लाळेऱ्याखाली घाम साचतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते दिवसभर गळ्यात ठेवणे म्हणजे बाळाला छळणेच आहे.

आता अन्नाचे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. सहा महिने पूर्ण झाले की दुधाबरोबर मऊ अन्न सुरू करायचे आणि आईचे दूध दोन वर्षे किंवा त्याहून पुढेही चालू ठेवायचे. आठ-नऊ महिन्यांचे बाळ अंगठा आणि बोट जुळवून लहान वस्तू उचलायला लागते. निसर्गाने हात खाण्यासाठी तयार केल्याची ती खूण आहे. वर्षाचे लेकरू वरणात कुस्करलेली भाकरी मुठीने तोंडात घालते. अर्धी तोंडात जाते, अर्धी अंगावर. दीड वर्षाचे झाले की ते चमचा धरते, पण तोंडापर्यंत नेताना तो उलटा होतो. दोन वर्षांचे मूल सांडत का होईना, बऱ्यापैकी जेवते. तिसऱ्या वर्षी सांडणे इतके कमी होते की एक फडके जवळ असले की भागते.

म्हणून तारीख बघून लाळेरे काढू नका, लेकराकडे बघून काढा. लाळ गळणे थांबले आहे, दहा घासांपैकी आठ घास नीट तोंडात जातात आणि तोंडाला लागलेले ते स्वतः पुसते किंवा पुसायला मागते, एवढे झाले की लाळेरे गेले. काही लेकरे दोन वर्षांच्या आतच गळ्यातले ओढून फेकतात. फेकू द्या. जेवताना लाळेऱ्यावरून भांडण झाले तर लेकराला जेवणाचाच राग येतो. डाग धुता येतो. जेवणाचा राग धुता येत नाही.

इतके सोपे असताना आपण लाळेरे चार-पाच वर्षांपर्यंत का बांधतो? या प्रश्नाचे उत्तर आपल्या वस्तीतच आहे.

आपल्या समाजात स्वच्छ कपड्याला फार मोठा अर्थ आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण केले. अस्पृश्यतेची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे कथलाचे, चांदीचे ओझे टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. तिथे असलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी त्याच वेळी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. तेव्हापासून आपल्या घरात फाटका कपडा चालेल, पण मळका चालणार नाही, असा दंडक आहे. लेकराच्या अंगावर डाग दिसला तर गावातले लोक काय म्हणतील, शाळेत बाई काय म्हणतील, ही भीती आईच्या पोटात असते. ती खोटी नाही. आपल्या माणसांनी तसे टोमणे ऐकलेले आहेत.

त्यात पाण्याचे हाल. बीड जिल्ह्यात मार्च उजाडला की अनेक गावांत टँकरची वाट बघावी लागते. चार घागरी पाण्यात स्वयंपाक, पिणे आणि अंघोळ भागवायची असते. त्यातून दिवसाला लेकराचे तीन शर्ट कोण धुणार? म्हणून आई लाळेरे बांधते आणि हाताने भरवते. लेकरू स्वच्छ राहते, जेवण लवकर उरकते, पाणी वाचते. आम्ही त्या आईला दोष देत नाही. आमच्यातल्या बहुतेक जणींनी हेच केले आहे.

पण त्याच बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत स्त्रियांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. स्वच्छ राहा आणि मुलांना शिकवा, एवढ्यावर ते थांबले नाहीत. मुलांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका, असेही ते म्हणाले. आमच्या मते लाळेऱ्याचा प्रश्न इथेच येऊन भिडतो. जे लेकरू चार वर्षांचे होईपर्यंत एक घासही स्वतः घेत नाही, त्याला आपण स्वच्छ ठेवले खरे, पण 'तुला हे जमणार नाही' असे रोज तीन वेळा शिकवले. शर्ट पांढरा राहिला आणि लेकरू दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसले. स्वाभिमान शर्टावर असतो तसा हातातही असतो.

याचा फटका पहिल्यांदा अंगणवाडीत बसतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क आहे. पण एक ताई आणि एक मदतनीस मिळून सगळ्या मुलांना भरवू शकत नाहीत. ज्याला स्वतः खाता येते ते खाते. ज्याला येत नाही ते ताटलीकडे बघत राहते आणि दुपारी उपाशी घरी येते. मग आपण म्हणतो, "अंगणवाडीचं जेवण ह्याला आवडत नाही." आवडत नाही असे नसते. खायला येत नसते.

दुसरा फटका याहून मोठा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. केज, धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी या भागांतल्या कितीतरी घरांना कुलूप लागते. शाळकरी मुलांसाठी वसतिगृहाची योजना आहे, कुणाला आजीजवळ ठेवता येते. पण दोन वर्षांचे लेकरू आईबरोबरच जाते. कोयता पहाटेच फडात जातो. लेकरू कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ असते किंवा फडाच्या कडेला पाचटावर बसलेले असते. आई सकाळी भाकरी करून ठेवून जाते. ज्याला भरवून घ्यायची सवय आहे ते आई येईपर्यंत जवळजवळ काहीच खात नाही. पाच-सहा महिने असे गेले की ते वाळून परत येते आणि वजनकाट्यावर ते दिसते. ज्याला हाताने खायची सवय आहे त्याच्या पोटात निदान दोन घास जातात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लेकराला हाताने खाता येते म्हणून त्याला एकटे सोडावे, असे आम्ही म्हणत नाही. जेवणाऱ्या लहान मुलाजवळ मोठे माणूस हवेच. सात वर्षांची बहीण हे मोठे माणूस नव्हे, तिचे तर स्वतःचे शाळेत बसायचे वय आहे. टोळीतल्या एखाद्या आजीने किंवा बाळंतिणीने कोपीवर थांबून सगळ्यांची लेकरे एका जागी जेवू घालावीत, हे टोळीने उचल घेतानाच ठरवता येते. निघण्यापूर्वी आपल्या अंगणवाडीताईंना सांगून पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करून घ्यावी आणि कारखान्यावर पोहोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत लेकराचे नाव सांगावे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो. तो गावात मिळतो तसा कामाच्या ठिकाणीही मागितला पाहिजे. पाळणाघराची मागणीही कारखान्याकडे आणि सरकारकडे सतत लावून धरली पाहिजे. लेकराने हाताने खायला शिकणे हा त्या मागणीला पर्याय नाही.

आणखी एक खटकणारी गोष्ट. घरात मुलगा आणि मुलगी असतील तर लाळेरे कुणाच्या गळ्यात जास्त वर्षे राहते ते पाहा. बहुतेक वेळा मुलाच्या. त्याला सहा वर्षांपर्यंत आई, आजी, बहीण भरवतात. मुलगी मात्र दोन वर्षांची झाली की आपले आपण खाते आणि पाच वर्षांची झाली की भावाला भरवते. लाळेरेही तीच धुते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. ही लाज एका दिवसात आली नाही. ती घराघरातल्या ताटांवरून आली. आमचे म्हणणे, दोघांना एकाच वयात ताटली द्या, दोघांचे लाळेरे एकाच वयात उतरवा आणि सांडलेले दोघांनाही पुसायला शिकवा.

आता हे घरात कसे करायचे, तेही सांगतो. यासाठी बाजारातून काही आणावे लागत नाही.

जेवायच्या आधी लेकराचे आणि आपले हात साबणाने धुवा. पाणी कमी असले तरी यात काटकसर नको. हाताने खाणाऱ्या लेकराला जुलाब झाले की दोष हाताने खाण्याला देतात, खरा दोष न धुतलेल्या हाताचा असतो.

उन्हाळ्यात जेवताना शर्ट काढून ठेवा. उघड्या अंगाने जेवू द्या आणि नंतर ओल्या फडक्याने अंग पुसा. हे सगळ्यात चांगले लाळेरे, आणि फुकटचे. थंडीत वडिलांचा जुना शर्ट उलटा घाला, बटणे पाठीवर येतील असा. खाली जुने पोते किंवा साडीचा तुकडा अंथरा. त्यावर सांडलेले झटकून कोंबड्यांना टाकता येते. पांढरा शर्ट जेवण झाल्यावर घालावा. विहारात जातानाही हेच करता येते. पिशवीत एक साधा शर्ट घ्यायचा आणि पंगतीला बसताना बदलायचा.

ताटली लहान द्या आणि एका वेळी थोडेच वाढा. दोन-तीन घास संपले की पुन्हा वाढा. सांडले तरी थोडेच सांडते. घट्टसर अन्नाने सुरुवात करा. वरणात चांगली कुस्करलेली ज्वारीची भाकरी, मऊ खिचडी, शिजवून कुस्करलेला बटाटा, पिठले-भात, केळे. पातळ आमटी आणि खीर चमचा नीट धरता आल्यावर. वर्ष ते दोन वर्षांच्या लेकराला दिवसातून तीन ते चार वेळा पाऊण ते एक वाटी जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ लागतो. वाटी २५० मिलिलिटरची धरा. इतके सगळे त्याच्या एकट्याच्या हाताने पोटात जाणार नाही. म्हणून सुरुवातीला एक घास त्याचा, एक घास आपला, असे करा. दोन वर्षांकडे जाताना आपला हात मागे घेत चला. मोबाइल दाखवून भरवू नका. त्यात लेकराला आपण काय खातो, किती खातो आणि पोट कधी भरले, यातले काहीच कळत नाही.

काही वस्तू पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नका. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, चिंचोके, बोराची आठोळी, उसाचे कांडे. आपल्या बालाघाटाच्या डोंगरातले सीताफळ लेकरांना फार आवडते. ते द्या, पण बिया काढून नुसता गर द्या. घास अडकला आणि लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला, श्वास घेता येत नसेल, तर घशात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. लेकराला डोके खाली येईल असे पुढे वाकवा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात पाच थापा द्या. दुसऱ्या माणसाला लगेच १०८ ला फोन करायला सांगा.

लाळेऱ्याचीही एक सूचना आहे. घट्ट गाठीची नाडी नको, ओढले की सुटेल असा बंद हवा. लाळेरे गळ्यात ठेवून लेकराला झोळीत किंवा पाळण्यात कधीच झोपवू नका. ते तोंडावर येऊन किंवा गळ्याभोवती पिळा पडून श्वास कोंडतो. जेवण झाले की लाळेरे खुंटीवर गेले पाहिजे.

काही लेकरांना हे सगळे उशिरा जमते. त्याबद्दल कुणी हसू नये. चार वर्षांनंतरही लाळ सतत गळत असेल, घास गिळताना वारंवार ठसका लागत असेल, हाताची पकड येत नसेल किंवा बोलणे-चालणेही मागे असेल, तर त्याला तपासून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत तपासणीला येतात. त्यांना हे सांगा. बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे बालरोगतज्ज्ञांना दाखवता येते. मेंदूच्या आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे एखाद्या मुलाला दहाव्या वर्षीही गळ्याशी कापड लागत असेल तर ते जरूर बांधावे. चष्मा लागतो तसेच ते आहे. मात्र बाळाचे चित्रांचे लाळेरे न बांधता त्याच्या वयाला शोभेल असा साधा रुमाल बांधावा.

खीरदानाच्या दिवशीच्या त्या आईला आम्ही एवढे सगळे तिथे सांगू शकलो नाही. एवढेच म्हणालो, "ताई, उद्या घरी त्याला शर्ट काढून बसवा, ताटलीत दोन चमचे खिचडी द्या आणि तुम्ही नुसत्या शेजारी बसा." आठ दिवसांनी ती हापशावर भेटली. म्हणाली, "पहिल्या दिवशी सगळं सांडलं. सासूबाई रागावल्या. चौथ्या दिवशी त्यानं ताटली चाटून पुसून खाल्ली आणि मला दाखवायला आणली." लाळेऱ्याचे काय केले, असे विचारले तर हसली. गॅसच्या शेगडीखाली पुसायला घेतले म्हणे.

आजींचे म्हणणे आम्ही पुन्हा विचारात घेतले. त्यांच्या वेळी लाळेरे नव्हते, पदर होता. पण त्या असेही म्हणाल्या की त्यांच्या वेळी लेकरे चालायला लागली की आपल्या हातानेच खात, कारण भरवायला कुणाला सवड नव्हती. सवड नसताना जे शिकवले गेले ते आता सवडीने, शेजारी बसून, न रागावता शिकवता येते. ज्यांच्या घरी दोन वर्षांवरचे लेकरू अजून भरवून घेते आहे, त्यांनी आज रात्रीच्या जेवणापासून त्याच्यासाठी वेगळी ताटली मांडावी.